साखरेच्या डब्यातली जीप

आभार मी आधीच मानून घेतो. शेवटी मानायचे म्हटलं की घाई होते, कुणीतरी राहून जातं आणि राहिलेला माणूस ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो. तर कॅप्टन, मिस्त्री, सेक्रेटरीबाई आणि वाहन कार्यालयातला खिडकी क्रमांक सहाचा कारकून, या सगळ्यांचा मी आभारी आहे. माझ्या मुलीचाही आहे, पण तिचं वेगळं सांगावं लागेल, कारण ती विरुद्ध पक्षात होती.

जीप का घेतली हे मी सांगत नाही. ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना मी वेगवेगळी कारणं सांगितली आहेत आणि त्यातलं खरं कुठलं हे आता मलाही नक्की आठवत नाही. एवढं खरं की आमच्या हिला जाऊन सात महिने झाले होते, सैन्याच्या जुन्या सामानाचा लिलाव होता, मी कॅप्टनला सोबत म्हणून गेलो होतो आणि परत येताना आमच्या टेम्पोला मागे दोरीने बांधलेली एक जीप होती. कॅप्टनला फक्त दुर्बीण हवी होती. ती मिळाली नाही.

कॅप्टन म्हणजे आमच्या तळमजल्यावरचा शेजारी. तो सैन्यात कधीच नव्हता. विमा कंपनीत होता आणि ऑफिसच्या कॅरम संघाचा एका वर्षी कर्णधार झाला होता. पण नाव चिकटलं, आणि माणूस हळूहळू नावासारखा वागायला लागतो. जीप आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये उभी राहिली तेव्हा त्याने गळ्यात शिट्टी अडकवून, हात मागे बांधून तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या.

"मोहीम कठीण आहे," तो म्हणाला, "पण घाबरू नकोस."

"मी घाबरलेलो नाही."

"मग तुला परिस्थिती समजलेली नाही."

परिस्थिती अशी होती की जीप माझ्याहून वयाने मोठी होती आणि माझ्यापेक्षा वाईट दिसत होती. एक दिवा नव्हता. सीटच्या स्प्रिंगा वर आल्या होत्या. ड्रायव्हरच्या पायाखाली भोक होतं, त्यातून पार्किंगची फरशी दिसायची. बॉनेट उघडलं तर आत एका पक्ष्याने घरटं करून, संसार उरकून, ते सोडूनही दिलं होतं.

मिस्त्रीला बोलावलं. त्याने इंजिनाला कान लावला, जणू आत कुणी बोलत होतं, आणि म्हणाला, "काका, लोखंड चांगलं आहे. सगळी खोला. एकेक भाग रॉकेलमध्ये धुवा आणि खोलाल तसं नोंद करून ठेवा. माझा हात महिनाभर प्लास्टरमध्ये आहे. हात सुटला की दर रविवारी येईन."

नोंद करून ठेवा. हे त्याने कुणाला सांगितलं? जो माणूस चौतीस वर्षं सरकारी अभिलेख कक्षात बसला, ज्याच्या हाताखालून एक कागद हरवला नाही, ज्याच्या निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात "चालतं-बोलतं कपाट" असा गौरव केला, त्याला. मी त्याच दिवशी दोनशे पानांची नोंदवही आणली, समास आखले आणि कामाला लागलो.

सुटे भाग ठेवायला डबे हवे होते. स्वयंपाकघरात तेवीस डबे होते. हिच्या हातच्या चिठ्ठ्या प्रत्येकावर होत्या, चहा, साखर, मीठ, तांदूळ, पीठ. ही गेल्यावर महिन्याभराने साखरेला मुंग्या लागल्या, तेव्हा मुलीने येऊन सगळे डबे रिकामे केले, घासले आणि परत जागेवर लावून ठेवले. मी खानावळीतून जेवण आणायचो आणि चहा कोपऱ्यावरच्या टपरीवर प्यायचो. डब्यांना हात लावायची वेळ येत नसे. कधी चुकून लागलाच तर डबा एकदम हलका लागायचा, आणि मग मी दिवा बंद करून बाहेर यायचो.

त्यांत लोखंड भरलं तेव्हा ते पुन्हा जड झाले. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही.

चिठ्ठ्या काढायचा प्रश्नच नव्हता. म्हणून नोंदवहीत मी एक रकाना वाढवला, "डबा". त्यात लिहायचो, इंजिनाचे नट, साखर. ब्रेकच्या स्प्रिंगा, मीठ. डिस्ट्रिब्युटरची टोपी, तांदूळ. महिन्याभरात चारशे बारा नोंदी झाल्या. ज्या भागाचं नाव ठाऊक नव्हतं त्याला मी दिसेल तसं नाव दिलं. वाकडी पट्टी. छोटी वाकडी पट्टी. वाकडी पट्टी, पण सरळ. सगळी यादी अकारविल्हे लावली, स्वच्छ अक्षरात उतरवली, शेवटी दोन रेघा मारल्या आणि सही केली. खरं सांगतो, हिच्यानंतर त्या रात्री मला पहिल्यांदा गाढ झोप लागली.

मिस्त्रीचं प्लास्टर निघालं. पहिल्या रविवारी तो आला, गाडीचा सांगाडा पाहून खूश झाला, स्टूल ओढून बसला आणि एक बोल्ट उचलून म्हणाला, "हा कुठला?"

"ब," मी म्हणालो.

"ब म्हणजे?"

"बोल्ट. ब खाली, एकशे चौदा ते दोनशे तीन. तुमच्या हातातला एकशे सत्तर."

"ते झालं. पण बसतो कुठे?"

मी नोंदवही उघडली. एकशे सत्तर, बोल्ट, मध्यम, डबा साखर. पुढचा रकाना शोधला. पुढचा रकाना नव्हता. चौतीस वर्षांत माझ्याकडे कागद आला की तो कपाटात नीट लागला पाहिजे एवढंच मी पाहिलं. तो कुठून निघाला आणि कुठे जायचा हे टपाल विभागाचं काम होतं.

मिस्त्रीने माझ्या हातातल्या वहीची दोन पानं उलटली. मग त्याने बोल्ट हळूच खाली ठेवला. "काका, वही सुंदर आहे," तो म्हणाला. हे त्याने चेष्टेने म्हटलं नाही, म्हणून जास्त लागलं.

कॅप्टनने धीर दिला. "चारशे बारा भाग आणि चारशे बारा जागा. प्रत्येक भाग प्रत्येक जागी लावून बघायचा."

"किती दिवस लागतील?"

कॅप्टनने बोटांवर हिशोब केला, मधेच थांबला आणि म्हणाला, "चहा घेऊन येऊ."

तेव्हापासून दर रविवारी आमच्या पार्किंगमध्ये जे चालायचं त्याला काय म्हणावं मला माहीत नाही. मिस्त्री गाडीखाली झोपलेला, मी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत डब्यांपाशी, आणि कॅप्टन मध्ये जिन्यात, निरोप पोचवायला. "मिठातून दोन वॉशर," मिस्त्री ओरडायचा. "मिठातून दोन वॉशर," कॅप्टन वर सांगायचा. "मिठात वॉशर नाहीत, वॉशर पिठात आहेत," मी खाली सांगायचो. जाणारे-येणारे थांबायचे. पहिल्या मजल्यावरचे दंतवैद्य एकदा म्हणाले की त्यांचा पेशंट तोंड उघडं ठेवून हसायला लागला आणि त्यांना सुई टोचता येईना.

याच सुमारास सेक्रेटरीबाईंची नोटीस आली. बाई आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी, नव्वद पानांची नियमावली तोंडपाठ. नव्वद दिवसांहून अधिक काळ बंद असलेलं वाहन पार्किंगमधून हलवावं, असा नियम होता. मी जुना कारकून. उत्तर दिलं की नियमावलीच्या व्याख्येप्रमाणे वाहन म्हणजे चाकं असलेलं. सदर वस्तूला सध्या चाकं नाहीत, सबब हा नियम लागू होत नाही. मी स्वतःवर फार खूश झालो. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की मग ती अडगळ होय, आणि अडगळीची मुदत सात दिवस.

सहाव्या दिवशी आम्ही घाम गाळून चारही चाकं लावली. सातव्या दिवशी बाई तिसरी नोटीस घेऊन खाली आल्या. मिस्त्री गाडीखाली, मी एका हातात छोटी वाकडी पट्टी घेऊन बसलेलो. बाईंनी नोटीस पुढे केली आणि त्यांची नजर पट्टीवर गेली.

"ही तिथली ना?" त्यांनी इंजिनाच्या डाव्या बाजूला बोट दाखवलं. "भोकांमधलं अंतर तेवढंच आहे."

बसली. खटकन बसली. बाईंनी शाळेत तीस वर्षं भूमिती शिकवली होती हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. बावीस वर्षं आम्ही एका इमारतीत राहत होतो. नोटीस काखेत धरून त्या दोन तास उभ्या होत्या. त्या दिवसात एकोणीस भाग बसले. जाताना त्या म्हणाल्या, "नोटीस लागू आहे. पुढच्या रविवारी किती वाजता सुरू करता?"

नोंदणीसाठी वाहन कार्यालयात गेलो. खिडकी क्रमांक सहा. कारकुनाने अर्ज पाहिला. "मूळ मालकाची सही नाही."

"मूळ मालक सैन्य आहे."

"मग सैन्याला घेऊन या."

मला राग यायला हवा होता. पण मी त्याच्याकडे पाहतच राहिलो, कारण हे वाक्य माझं होतं. चौतीस वर्षं मी काचेच्या त्या बाजूला बसून हेच वाक्य, याच आवाजात, समोरच्याकडे न पाहता म्हणत आलो होतो. ते या बाजूने कसं लागतं ते पहिल्यांदा कळलं. त्या सगळ्या लोकांची मी इथे माफी मागतो. त्यांचे पत्ते माझ्याकडे नाहीत.

चार फेऱ्या झाल्या. सैन्याचा हिरवा रंग खाजगी माणसाला चालत नाही असंही कळलं, म्हणून जिना रंगवून उरलेला बदामी रंग कॅप्टनने जीपला दिला. ती भिंतीत इतकी मिसळली की टपालवाला तिच्यावर आपटला. पाचव्या फेरीत कारकुनाने अर्ज नीट वाचला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. नामनिर्देशित व्यक्ती, नातं पत्नी, आणि पुढे हिचं नाव. मी सवयीने लिहिलं होतं. आयुष्यात प्रत्येक फॉर्मवर तेच लिहीत आलो.

"यांची सही लागेल," तो म्हणाला.

"त्या नाहीत," मी म्हणालो.

तो थांबला. नवीन फॉर्म आणा, असं म्हणायची ती जागा होती. मी असतो तर म्हणालो असतो. त्याने स्वतःच्या ड्रॉवरमधून कोरा फॉर्म काढला आणि जुन्यावरून सगळा स्वतः उतरवला. त्या रकान्यापाशी आल्यावर मान वर न करता म्हणाला, "इथे कुणाचं लिहू?" मी मुलीचं नाव सांगितलं. त्याने शिक्का मारला. सैन्याचा विषय परत निघाला नाही.

मुलीचं नाव मी दिलं, पण मुलीला जीप ठाऊक नव्हती. ती दुसऱ्या शहरात असते. रोज फोन करते, रोज विचारते जेवलात का, आणि रोज म्हणते की घर बंद करा आणि माझ्याकडे या. मी विषय बदलायचो. तिला जीपचं कळलं ते सेक्रेटरीबाईंकडून. त्यांनी बिचाऱ्यांनी कौतुकानेच सांगितलं की तुझे वडील हल्ली छान रमलेत, इंजिन मिठात ठेवतात.

दुसऱ्या दिवशी मुलगी दारात. आत आली, साखरेचा डबा उघडला, काळ्या तेलातले नट पाहिले आणि झाकण लावून ओट्याला टेकून उभी राहिली.

"बाबा, हे आईचे डबे आहेत."

"हो."

"मी घासून ठेवले होते. एकेक."

"हो."

"तुम्ही जेवता काय, झोपता केव्हा, त्या गाडीखाली एकटे शिरता आणि चाकाला लावलेला दगड सरकला तर? मला कोण कळवणार? कॅप्टनकाका? ते आधी शिट्टी वाजवतील."

ती खरं बोलत होती, शिट्टीचं तर अगदीच. शेवटी आमचा करार झाला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी चार वाजता ती येणार. जीप स्वतःच्या ताकदीने मागच्या गेटपासून पुढच्या गेटपर्यंत गेली तर मी याच घरात राहायचं आणि तिने पुन्हा विषय काढायचा नाही. नाही गेली तर जीप भंगारात, घराला कुलूप, आणि मी तिच्यासोबत. तिच्या घरी माझी खोली तयार होती. पडदेसुद्धा लावले होते. वाईट मुलगी असती तर मला नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

त्या महिन्यात इमारतीने मला उचलून धरलं. दुसरा शब्द नाही. दंतवैद्यांनी त्यांच्या बारीक अवजारांनी कार्बुरेटरची छिद्रं साफ करून दिली आणि दर सहा महिन्यांनी दाखवायला या म्हणाले. बाई मोजपट्टी घेऊन अंतरं मोजायच्या. डबे एकेक करून रिकामे होत गेले. ठरलेल्या रविवारी सकाळी कार्बुरेटर सोडला तर एक पट्टी तेवढी उरली, वाकडी पट्टी, पण सरळ. ती कुठेच बसेना. मिस्त्रीने ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "ही सैन्याकडूनच जास्त आली असणार." मग त्याने कार्बुरेटर लावायला घेतला आणि चहाचा डबा मागितला.

चहाच्या डब्यात कार्बुरेटरचे सगळे भाग होते. सुई नव्हती.

ही सुई म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा लहान, टोकदार. ती पेट्रोल अडवते. ती नसेल तर पेट्रोल वाहत सुटतं आणि गाडी चालत नाही, पेटते मात्र. दुकानात ती मिळत नाही. लेथवर करून घ्यायला दोन आठवडे. मी शांतपणे नोंदवही उघडली. "सुई" पाहिलं. लिहिलं होतं, 'कार्बुरेटर, किरकोळ' पाहा. "कार्बुरेटर, किरकोळ" पाहिलं. लिहिलं होतं, 'सुई' पाहा.

कॅप्टनने हे दोनदा मोठ्याने वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लागला तेव्हा बाईंनी वही काढून घेतली.

अगदी सुरक्षित जागी ठेवल्याचं मला आठवत होतं. इतकी सुरक्षित की ठेवताना स्वतःचं कौतुक वाटलं होतं. एवढंच आठवत होतं. बाकीचे बावीस डबे जमिनीवर उपडे केले. दुपार झाली. चारला पाच मिनिटं असताना मुलगी आली. जीप बदामी, स्वच्छ, बॉनेट उघडं, भोवती पाच माणसं माना खाली घालून उभी. कुणाचं तरी काही झालं असं वाटावं.

मी तिला सांगितलं. "नाही चालत. सुई माझ्याकडूनच हरवली. मी सामान भरतो."

"मी भरते," ती म्हणाली. "तुम्ही बसा." आणि वर गेली.

आम्ही जीपमध्येच बसलो, कारण दुसरीकडे बसायला जागा नव्हती. मिस्त्री हत्यारं गोळा करायला लागला. कॅप्टन म्हणाला की माघार हीसुद्धा एक चाल असते. बाई म्हणाल्या, "गप्प बसा." दहा मिनिटं झाली, पंधरा झाली.

मुलगी खाली आली तेव्हा तिच्या हातात एक चपटा पत्र्याचा डबा होता. त्यावर हिच्या अक्षरात चिठ्ठी होती, ह्यांना सापडू नये.

"पिठाच्या पिंपामागे होता," मुलगी म्हणाली. "तुम्हाला मधुमेह झाल्यापासून आई आणि मी यातून बिस्किटं खायचो. तुम्हाला माहीत नाही असं आम्हाला वाटायचं. आईची आठवण म्हणून न्यायला काढला, बिस्किटं आहेत का बघायला उघडला." तिने झाकण काढलं. आत कापसात सुई.

तेव्हा मला सगळं आठवलं. जीप खोलताना एक डबा कमी पडला आणि मला हा सापडला. आत तीन बिस्किटं होती, मऊ पडलेली. मी ती तिथेच, ओट्यापाशी उभा राहून खाल्ली. मग सगळ्यात नाजूक भाग त्यात ठेवला आणि डबा होता तिथे सरकवला. नोंद केली नाही, कारण तो डबा अधिकृतपणे मला माहीत नव्हता.

मिस्त्री सुई घेऊन बॉनेटखाली गेला. मुलगी माझ्या शेजारच्या सीटवर बसली, स्प्रिंग टाळून. हळूच म्हणाली, "पाच मिनिटं हातात घेऊन उभी होते, बाबा. परत ठेवली असती तर तुम्हाला कधीच कळलं नसतं."

"मग?"

"आईला कळलं असतं."

साडेचार वाजता जीपने एक मोठा ढेकर दिला, धुराने दंतवैद्यांची गॅलरी भरली आणि ती निघाली. माझ्या पायाखालच्या भोकातून फरशी मागे सरकताना दिसत होती. कॅप्टन शेजारून संचलन करत चालला होता. त्याला धावावं लागलं नाही. पुढच्या गेटला दोन हात उरले आणि जीप बंद पडली. बंद म्हणजे बंद. सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं.

बाईंनी चष्मा लावला, मोजपट्टी काढली आणि वाकल्या. "नियमावलीनुसार," त्या म्हणाल्या, "गेट म्हणजे गेटची दोन्ही दारं, पूर्ण उघडलेल्या स्थितीत. दारं आत उघडतात. पुढचा बंपर दाराच्या कडेच्या चार बोटं पुढे आहे." त्या सरळ उभ्या राहिल्या. "वाहन गेटपर्यंत पोचलेलं आहे."

मी मुलीकडे पाहिलं. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "अपील करता येतं का?" तिने विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मुलीने आणि मी डबे घासले. तीन वेळा, गरम पाण्याने. चहाच्या डब्यात चहा भरला, साखरेच्या डब्यात साखर. मग सगळ्यांना वर बोलावलं. वर्षभरात आमच्या घरात झालेला तो पहिला चहा. त्याला रॉकेलचा वास होता, चांगलाच जाणवेल एवढा. कॅप्टन प्यायला, मिस्त्री प्यायला, दंतवैद्य प्यायले, कुणी चकार शब्द काढला नाही. बाईंनी अर्धा कप आणखी मागितला. मी आभार मानायचे म्हणतो ते यासाठी.

जीप अजून गेटपर्यंतच जाते. पुढचं बघू. वाकडी पट्टी, पण सरळ, ती मी कागद दाबायला वापरतो. मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेली. जाण्याआधी ती कोपऱ्यावरच्या दुकानातून काहीतरी घेऊन आली आणि मला गॅलरीत बसवून बराच वेळ स्वयंपाकघरात खुडबुड करत होती. ती गेल्यावर पाहिलं, पिठाच्या पिंपामागे तो चपटा डबा नव्हता.

तिने तो घरातच कुठेतरी ठेवलाय. मी शोधलेला नाही. नोंदही केलेली नाही.